दुसरा हात शाबूत आहे म्हणून

सप्रेम नमस्कार,

माझं वय ४६. गेल्या १४ महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. आधी नोकरी गेली. जिथे १९ वर्षं काम केलं तो विभागच बंद झाला. त्यातून जरा सावरतेय तोवर आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. आता ती फक्त "असू दे" एवढंच म्हणते. तहान लागली तरी "असू दे", पाय दुखला तरी "असू दे", मी समोर जाऊन उभी राहिले तरी "असू दे". आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, तिला उठवताना माझा तोल गेला आणि माझंच डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर आता निघालंय, पण मूठ अजून नीट वळत नाही.

माझ्या जाऊबाईंनी मला एक सुंदर वही आणून दिली. रोज रात्री झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, कृतज्ञ राहायचं, म्हणजे मन खंबीर होतं, असं त्यांचं म्हणणं. हेतू चांगलाच आहे. पहिले आठ-दहा दिवस बरंही वाटलं. आता रोज त्याच तीन ओळी उतरतात: डोक्यावर छप्पर आहे. मुलगी निरोगी आहे. आई जिवंत आहे. तिसऱ्या ओळीला हात अडतो. वही मिटताना राग येतो. कोणाचा ते कळत नाही. मग त्या रागाची लाज वाटते. माझ्याहून वाईट परिस्थितीत कितीतरी लोक हसतमुख असतात. मी कृतघ्न आहे का? की मुळातच कच्ची?

– एक वाचक

ता. क. जाऊबाई पुढच्या महिन्यात राहायला येणार आहेत. वही बघू म्हणाल्या तर काय दाखवू?

प्रिय ताई,

तुमचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि प्लॅस्टर घातलं. "उजवा हात शाबूत आहे ना, मग त्याचे आभार माना आणि घरी जा," असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तुम्ही डॉक्टर बदलला असता. उजवा हात शाबूत आहे ही गोष्ट खरी आहे आणि मोलाचीही आहे, त्याच हाताने तुम्ही मला पत्र लिहिलंत. पण त्याने डावं मनगट जुळत नाही.

तुमची वही सध्या असला डॉक्टर होऊन बसलीय. रोज रात्री ती विचारते, शाबूत काय काय आहे? तुम्ही प्रामाणिकपणे सांगता: छप्पर, मुलगी, आई. मग ती म्हणते, झालं तर, आता रडायचं कारण काय? हा दुसरा प्रश्न वहीत कुठेही छापलेला नाही. तो तुम्ही स्वतःच स्वतःला विचारता, आणि मला वाटतं राग येतो तो त्याच प्रश्नाचा. तुम्ही जमेला तीन गोष्टी मांडता, खर्चाला तीन मांडता, वजाबाकी करता, आणि बाकी जमेकडे निघाली की दुःख करायचा आपला हक्क संपला असं धरून चालता. पण ही दोन खाती एकमेकांत वळती होत नाहीत हो. मुलगी धडधाकट आहे याचा आनंद पुरता आहे आणि आईचं बोलणं गेलं याचं दुःखही पुरतं आहे. एकाच घरात, एकाच संध्याकाळी, दोन्ही.

तेव्हा कृतघ्न नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल.

"माझ्याहून वाईट परिस्थितीत कितीतरी लोक हसतमुख असतात" हे वाक्य मला इतक्या पत्रांत भेटतं की आता ते ओळखीचं पाहुणं झालंय. हे हसतमुख लोक तुम्हाला दिवसा दिसतात. त्यांची रात्र तुम्हाला दिसत नाही आणि तुमची त्यांना. त्यांच्यातली एखादी तुमच्याकडे बघून "बघा, तिच्यावर एवढं कोसळलं तरी कशी उभी आहे" म्हणत स्वतःला कच्ची ठरवत असेल. शिवाय दुसऱ्याच्या मोठ्या संकटावर उभं राहून आपलं संकट लहान बघायचं, यात मला थोडी खोट वाटते. उद्या त्या माणसाचं बरं झालं तर आपल्या कृतज्ञतेचं काय?

या समजुतीला एका अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. १९७८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेली २२ माणसं, अपघातात शरीर लुळं पडलेली २९ माणसं आणि ज्यांच्या बाबतीत असं काहीच घडलेलं नाही अशी २२ माणसं, यांना आनंदाबद्दल प्रश्न विचारले. तेव्हापासून सांगितलं जातं की अपघातग्रस्त माणसं बाकीच्यांइतकीच आनंदी निघाली. तशी ती निघाली नव्हती. ती इतरांपेक्षा कमी आनंदी होती, फक्त लोकांना वाटतं तितकी दुःखी नव्हती. एवढ्या छोट्या अभ्यासावरून फार मोठं काही बोलू नये, पण त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. अपघात झालेल्यांना अपघाताआधीचं आपलं आयुष्य विशेष सुखाचं आठवत होतं. ज्यांना काहीच झालेलं नव्हतं, त्यांना आपला भूतकाळ तितका उजळ वाटत नव्हता. तुम्हालाही १४ महिन्यांपूर्वीचे दिवस झळाळताना दिसत असतील. त्या दिवसांतही कटकटी होत्या. आठवून बघा, नोकरीबद्दल तुम्ही तेव्हा किती कुरकुर करत होता. हे दुःख कमी करायला सांगत नाहीये. फक्त, एका बाजूला झगमगता भूतकाळ आणि दुसऱ्या बाजूला आजचा दिवस ठेवून तोल करायला बसलं, की आजचा दिवस दरवेळी हलकाच भरणार.

आता त्या तिसऱ्या ओळीकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तिथेच आहे.

"आई जिवंत आहे" हे लिहिताना हात अडतो, कारण ते वाक्य अर्धंच खरं आहे. जी आई तुमच्याशी बोलायची, तुमचं ऐकून काहीतरी तिखट उत्तर द्यायची, ती घरात आहे आणि नाहीही. गेलेल्या माणसासाठी रडायची जगाने सोय केलेली आहे. लोक भेटायला येतात, सुट्टी मिळते, डोळे सुजलेले असले तरी कोणी विचारत नाही. समोर बसलेल्या माणसासाठी रडायची काहीच सोय नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. तो माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर घरात नाही. या अधांतरी दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं, आणि पुढे त्यांच्या लक्षात आलं की याची उलट बाजूही असते: माणूस घरात आहे, पण पूर्वीचं नातं हातातून निसटलंय. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरांत त्यांना हे दिसलं. तुमच्या आईचा आजार वेगळा आहे, पण तुमचा अडलेला हात मला त्याच घरातला वाटतो. तुम्ही आईसाठी शोक करताय आणि तो करायची परवानगी तुम्हाला कोणी दिलेली नाही, वहीने तर नाहीच.

ती ओळ महिनाभर लिहूच नका. त्याऐवजी कधीतरी, वाटलं तर, लिहा: "आई आहे, आणि मला तिची आठवण येते." व्याकरणाला हे वाक्य विचित्र वाटेल. तुम्हाला वाटणार नाही.

"असू दे"बद्दलही थोडं सांगते, कारण तुम्ही ते चारदा लिहिलंयत आणि चारही वेळा मला त्यात एक ठेच लागल्यासारखी जाणवली. जणू आई सगळं स्वीकारून बसलीय आणि तुम्ही मात्र नाही. तसं समजू नका. उजवी बाजू लुळी पडते तेव्हा मार बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला बसलेला असतो, आणि बहुतेक माणसांची भाषा त्याच बाजूला असते. मग कधी कधी एकच शब्द किंवा शब्दांची एकच जोडी मागे उरते आणि प्रत्येक वेळी तीच तोंडातून येते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता. तो जवळजवळ फक्त "टॅन" एवढंच म्हणू शकत होता, म्हणून रुग्णालयात त्याचं नावच टॅन पडलं होतं. त्याच्यावरून वैद्यकशास्त्राला वाचेच्या जागेचा शोध लागला. पण मला त्या हकिकतीतला दुसराच तपशील आवडतो. टॅनला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळत होतं, तो हातवारे करून उत्तर द्यायचा, आणि लोकांना आपलं म्हणणं समजेना की संतापून चक्क शिवी हासडायचा. म्हणजे आत माणूस पुरता जागा होता.

तुमच्या आईचं "असू दे" हा तुम्हाला केलेला उपदेश नाही. तो तिच्या हाताशी उरलेला एकमेव शब्द आहे, आणि पाणी, दुखणं, माया, वैताग, सगळं ती त्याच्यातूनच पाठवतेय. शब्द सोडा, सूर ऐका. "हो" आणि "नाही"साठी मान, बोट, डोळे, जे हलत असेल ते वापरा. प्रश्न असे विचारा की ज्यांचं उत्तर एका खुणेत देता येईल, आणि एका वेळी एकच विचारा. उत्तराची वाट बघा, मनात दहा अंक मोजून. वाचा-उपचार सुरू नसतील तर डॉक्टरांना विचारा. सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत जास्त वेगाने होते हे खरं, पण त्यानंतरही ती होत राहते, आणि घरच्यांशी संवाद साधायच्या युक्त्या तर कधीही शिकता येतात.

वहीकडे परत येऊ. जाऊबाई चुकीचं सांगत नाहीयेत, हे मला त्यांच्या वतीने म्हणायलाच हवं. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मकॅलो या दोन मानसशास्त्रज्ञांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने आठवड्यातल्या कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाला. आणखी एका प्रयोगात तर स्नायू आणि नसांचे आजार असलेली माणसं होती, म्हणजे ज्यांचं दुखणं खोटं नव्हतं अशी. त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं आणि त्यांनाही बरं वाटलं, झोप सुधारली. तेव्हा वहीत काहीतरी आहे.

पण किती आहे? पुढे २०२० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांच्यावर या लिखाणाचा परिणाम लहानसाच निघाला. वही ही मलमाच्या जातीची आहे. खरचटलं असेल तिथे लावावी. तुमच्यावर जे आलंय ते खरचटणं नव्हे, आणि मलमाने हाड जुळलं नाही म्हणून स्वतःला दोष देणं हा अन्याय आहे. आणखी एक: एका प्रयोगात काहींनी आठवड्यातून एकदा आणि काहींनी तीनदा अशी यादी केली. सहा आठवड्यांनी फायदा दिसला तो एकदा लिहिणाऱ्यांना. तीनदावाल्यांना नाही. रोजच्या रोज लिहिलं की छप्पर, मुलगी, आई यांचा पाढा होतो, आणि पाढा म्हणताना कोणाला बे दुणे चारचं कौतुक वाटत नाही. तुमचे पहिले आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुढे ओळी निर्जीव झाल्या, ही तुमच्या मनाची खोट नव्हती. डोस जास्त झाला.

म्हणून आठवड्यातून एकदा. आणि छप्पर वगैरे नको, ते कोणाच्याही वहीत खपेल. त्या आठवड्यात तुमच्यासाठी कोणीतरी काहीतरी केलं असेल ते लिहा, माणसाच्या नावासकट. आईला कूस बदलायला कोणी हात दिला, कोणाचा फोन नेमक्या वेळी आला, फिजिओथेरपिस्टनी ठरल्यापेक्षा पाच मिनिटं जास्त दिली, मुलीने न सांगता दिवा मालवला. कृतज्ञतेला पत्ता लागतो. "छप्पर आहे" या वाक्याला पत्ता नाही, ते वाक्य कोणाकडे जातच नाही, म्हणून ते तुमच्याकडेच परत येऊन छातीवर बसतं. आणि एखाद्या आठवड्यात लिहिण्यासारखं काहीच नसेल तर पान कोरं ठेवा. कोरं पान हाही त्या आठवड्याचा खरा अहवालच आहे.

याच वहीतून कधी एखादं नाव उचला आणि त्या माणसाला चार ओळी पाठवा. २०१८ साली एका अभ्यासात आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना आधी विचारलं होतं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? त्यांना वाटलं, जरा अवघडल्यासारखं होईल. वाचणाऱ्यांना मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. मोठं साहित्य लिहायची गरज नसते. "त्या दिवशी तुम्ही थांबलात, मला ते अजून आठवतं," इतकं पुरतं.

रागाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तोच जास्त महत्त्वाचा आहे. वही उलटी करा आणि मागच्या पानापासून सुरुवात करा. तिथे राग लिहा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात हा प्रयोग केला: चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहून झाल्या झाल्या माणसांना आधी वाईटच वाटलं, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मला दोष द्याल. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. सलग चार दिवस, मग बंद. रोज उठून जखम उकरायची नाही. आणि लिहिताना फारच उन्मळून यायला लागलं तर तिथेच पेन ठेवायचं.

"मी मुळातच कच्ची?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जरा मागून यावं लागेल.

खंबीर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खांब येतो. खांब वाकत नाही, आणि वाकत नाही म्हणूनच एक दिवस मोडतो. त्यापेक्षा पुरातल्या लव्हाळ्याची आपली म्हण बरी: झाडं वाहून जातात, लव्हाळी वाचतात. पण ती म्हण सांगणारे लोक एक गोष्ट विसरतात. पूर असेपर्यंत लव्हाळं पाण्याखाली असतं. आडवं, चिखलात, कोणाला दिसतही नाही. त्या वेळी नदीकाठी उभं राहून विचारलं तर लोक सांगतील, गेलं ते. तुम्ही आत्ता पाण्याखाली आहात आणि स्वतःला विचारताय की मी उभी का नाही.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" ही म्हणही तुम्हाला एव्हाना कोणीतरी ऐकवली असेल. मला ती आवडत नाही. दगडाला कोणी विचारलेलं नसतं. काही माणसं संकटातून काही कमावून बाहेर पडतात हे खरं, पण ते त्यांचं त्यांनी, नंतर, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. घाव चालू असताना दुसऱ्याने मूर्तीची स्तुती करायची नसते. तुम्हाला १० वर्षांनीही वाटलं की यातून काहीही चांगलं निघालं नाही, नुसतंच वाईट होतं ते, तरी त्यात तुमचं काही कमी पडलेलं नसेल.

कच्चं-पक्कं ठरवायचंच असेल तर काउआई बेटाची गोष्ट ऐका. हवाईमधल्या त्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, मुलं चाळिशीला पोचेपर्यंत. त्यांतली साधारण २०० मुलं गरिबी, आजार, घरातली भांडणं, व्यसनं अशा अनेक अडचणींत एकदम सापडलेली होती. त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट, आत्मविश्वासाने मोठी झाली. का, हे शोधताना संशोधकांना पुन्हा पुन्हा एक गोष्ट आढळली: त्या मुलांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. आजी, शिक्षक, शेजारी, कोणीही. म्हणजे ज्याला आपण त्या मुलाचा कणखरपणा म्हणतो, त्यातला बराचसा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवलेला होता. आणि दुसरी गोष्ट खास तुमच्या वयासाठी: विशीच्या आत अडखळलेली, भरकटलेली त्यांतली बरीच मुलं तिशी-चाळिशीपर्यंत पुन्हा मार्गाला लागली होती. सावरण्याची खिडकी एकदाच उघडून कायमची बंद होत नाही.

तेव्हा "मी कच्ची का" यापेक्षा "माझं ते एक माणूस कोण" हे बघा. तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही. आई आहे, मुलगी आहे, वही देणाऱ्या जाऊबाई आहेत, पण जिच्यासमोर तुम्ही चेहरा न सावरता बसू शकता असं कोणी नाही. माझ्या स्वतःच्या पडत्या काळात, तपशील राहू द्या, एक जुनी सहकारी दर रविवारी फोन करायची. "कशी आहेस?" असं तिने एकदाही विचारलं नाही. "काल काय काय केलंस?" एवढंच. "कशी आहेस"ला मी "बरी" म्हणाले असते आणि फोन संपला असता. "काल काय केलंस"ला मला काहीतरी सांगावं लागायचं, निदान कपाट आवरलं इतकं तरी. कधी काहीच केलेलं नसायचं. मग ती तिचं सांगायची. असं एक माणूस हेरा आणि त्याला स्पष्ट सांगा: उपाय नको, दर आठवड्याला दहा मिनिटं हवीत. लोकांना मदत करायची असते, पण नेमकं काय करू हे कळत नाही म्हणून ते म्हणी ऐकवतात.

नोकरीबद्दल मी मुद्दाम फार लिहीत नाही. १९ वर्षांनी नोकरी जाते तेव्हा पगारासोबत सकाळी उठून कुठेतरी जायचं कारणही जातं, आणि त्याचं दुःख तुम्हाला करायलाच मिळालं नाही, कारण लगेच आई आजारी पडली. ते रांगेत उभं आहे. त्याची पाळी येईल तेव्हा येऊ द्या. मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली दुःखाबद्दल मांडलेला विचार मला इथे फार उपयोगी वाटतो. माणूस दुःखातून सरळ रेषेत बाहेर पडत नाही, तो ये-जा करतो. थोडा वेळ दुःखाकडे, थोडा वेळ समोरच्या कामांकडे, अर्ज, बिलं, दवाखाना. दोन्हींतून अधूनमधून सुट्टी घेतो. एखाद्या दुपारी तुम्ही मुलीच्या कुठल्यातरी फालतू विनोदावर खळखळून हसलात तर ती आईशी प्रतारणा नाही, आणि रात्री पुन्हा रडू आलं तर ती पीछेहाटही नाही. झोपाळा मागे गेला म्हणून थांबला असं नसतं.

मनगटाचं तुम्हाला माहीत आहेच. काही आठवडे हालचाल बंद, मग एक दिवस प्लॅस्टर निघतं आणि सांगतात, आता वळवा. वळवताना कळ येते. पहिल्या दिवशी अर्धी मूठ. घाई केली तर सूज, अजिबात नाही केलं तर सांधा आखडतो. मनाचं वेळापत्रक असं कागदावर कोणी लिहून देत नाही, हीच अडचण आहे. पण अर्धी मूठ हे माप वापरून बघा. आज एक अर्ज भरणं जमत नसेल तर अर्जाचं पाकीट उघडून ठेवा.

एक सूचना मात्र हलक्याने घेऊ नका. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, किंवा आपण नसतो तर बरं असा विचार येत असेल, तर वही, फोन, माझं हे पत्र, सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तो शेवटचा विचार आला तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. मनगटासाठी तुम्ही लगेच गेलात ना, तसंच.

राहता राहिल्या जाऊबाई. त्यांनी वही दिली कारण त्यांना तुमच्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि वही हाताशी होती. पुढच्या महिन्यात त्या आल्या की वहीतली नवी दोन-चार पानं दाखवा, आठवड्याला एक या हिशेबाने तेवढीच भरलेली असतील. मागची बाजू दाखवायची गरज नाही. आणि त्या येऊन टेकल्या, की "वहिनी, दोन तास आईपाशी बसता का, मी जरा बाहेर जाऊन येते" असं म्हणा आणि खरंच बाहेर जा. निघण्याआधी त्यांना "असू दे"चे चार-पाच सूर तेवढे समजावून सांगा. कुठला पाण्याचा आणि कुठला वैतागाचा, हे आत्ता तरी फक्त तुम्हालाच कळतं.